नंबर विचारला आणि मी ‘दीड’ म्हणाले

*ताई, नमस्कार. मी २४ वर्षांची, मूळची साताऱ्याची. चिंचवडला राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. चणीने लहान, चेहराही लहानखुरा. नोकरीला लागले तेव्हा मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की समोरचे माझ्या शेजारच्याकडे बघायचे. एका क्लायंटने तर ‘ट्रेनी का?’ असं विचारलं. वर्षापूर्वी मैत्रिणीबरोबर चष्म्याच्या दुकानात गेले होते, तिथे सहज एक काळी जाड फ्रेम घालून बघितली आणि आरशात वेगळीच मी दिसले. झिरो नंबरच्या काचा बसवून घेतल्या. दुकानदार म्हणाला, ब्लू कट घ्या, स्क्रीनचा निळा प्रकाश अडतो, डोळ्यांना चांगलं असतं, तेही घेतलं. तेव्हापासून रोज घालते. लोक आता ऐकून घेतात, निदान मला तरी तसं वाटतं.*

*एकदा टीममधल्या एका सीनियरने नंबर किती विचारलं आणि माझ्या तोंडून ‘दीड’ निघून गेलं. आता ते तसंच चाललंय. आई म्हणते, बिनकामाचा चष्मा लावून डोळे खराब करून घेशील. शिवाय स्थळं बघतोय, लोक म्हणतील मुलीला चष्मा आहे. त्यात गौरीजेवणाला सगळे जमलो होतो, फोटोसाठी मी चष्मा घातला. माझी मावसबहीण बारावीला आहे, तिला मायनस सहा आहे. ती एवढंच म्हणाली, ‘ताई, तू तो रात्री काढून कपाटात ठेवू शकतेस.’ आणि फोटोला उभीच राहिली नाही. तेव्हापासून नीट बोलत नाही. माझं काही चुकतंय का? चष्मा बंद करू का?*

*— दीड नंबर, चिंचवड*

प्रिय ‘दीड नंबर’,

तुझ्या बहिणीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाचवीपासून चष्मा लावते मी, त्यामुळे ते मला जरा जास्तच लागलं असेल. तिच्याबद्दल मला बरंच बोलायचंय, पण आधी आईची भीती दूर करू, कारण ती लवकर दूर होण्यासारखी आहे.

झिरो नंबरच्या काचेने नंबर लागत नाही आणि डोळे खराब होत नाहीत. लांबचं धूसर दिसतं ते डोळ्याचं बुबुळ ते पडदा हे अंतर थोडं वाढलेलं असतं म्हणून. प्रतिमा पडद्यावर पडायच्या ऐवजी पडद्याच्या अलीकडेच तयार होते. नंबरची काच किरणांना वळवून ती पडद्यावर नेते. साधी काच काहीच वळवत नाही. खिडकीच्या काचेतून रस्ता बघून कुणाला नंबर लागत नाही, तसंच हे. आईला हे याच शब्दांत सांग.

मात्र तुझ्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. तू डोळे तपासून घेतलेस का? चष्म्याच्या दुकानात गेलीस, काचा बसवल्यास, वर्षभर घातल्यास, आणि यात नंबर काढल्याचा उल्लेख कुठेच नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीला अर्धा-पाऊण नंबर असू शकतो आणि तो तिच्या लक्षातही आलेला नसतो. रात्री बसचा बोर्ड वाचायला डोळे बारीक करावे लागत असतील किंवा संध्याकाळी कपाळ दुखत असेल तर आधी तपासणी. नंबर निघाला तर याच फ्रेममध्ये नंबरच्या काचा बसतील, आणि तुझे निम्मे प्रश्न तिथेच संपतील.

आता काचा. तुझ्या काचा खरंच झिरोच्या आहेत ना, हे घरी बघता येतं. चष्मा हातभर लांब धर, एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघ आणि चष्मा हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलव. कड जागची हलली नाही तर काच साधी. कड चष्म्याबरोबरच त्याच दिशेला सरकली तर मायनस, उलट दिशेला सरकली तर प्लस. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ मुली फॅशन म्हणून आजोबांची जुनी फ्रेम किंवा मैत्रिणीचा चष्मा आहे त्या काचांसह घालतात. त्याने डोळ्यांना कायमची इजा होत नाही, पण डोकं हमखास दुखतं आणि पायरी चुकते.

दुसरं म्हणजे, फ्रेम विकायला येते तेव्हा तिच्यात जी पारदर्शक पट्टी बसवलेली असते, जिच्यावर बऱ्याचदा कंपनीचं नाव छापलेलं असतं, ती डेमो लेन्स. फ्रेमचा आकार टिकावा एवढ्यासाठीच ती असते. नाव खरवडून तीच घालणारे मी पाहिलेत. तिच्यावर चार दिवसांत चरे पडतात, ती जराशी वाकडी असली तर समोरचं लहरताना दिसतं. तू काचा बसवून घेतल्यास हे चांगलं केलंस. त्यावर एआर कोटिंग, म्हणजे काचेवरची चमक कमी करणारा थर, आहे का ते मात्र विचारून घे. साध्या काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून मिळून साधारण ८ टक्के प्रकाश परत फिरतो. म्हणून व्हिडिओ कॉलवर तुझ्या डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या खिडक्या दिसतात, आणि रात्री दुचाकीवरून घरी येताना समोरच्या गाडीचा दिवा काचेवर पसरतो. चांगल्या कोटिंगने हे बरंच कमी होतं. गाडीवर घालणार असशील तर पॉलिकार्बोनेटची काच घे. ती सहजासहजी फुटत नाही आणि धूळ, चिलटं डोळ्यांत जात नाहीत. तेवढा उपयोग झिरोच्या चष्म्याचाही आहे, हे आईला सांगायला विसरू नकोस. आणि ओढणीने कोरडी काच पुसू नकोस. आधी पाण्याखाली धर, मग पूस.

ब्लू कटबद्दल दुकानदाराने तुला जे सांगितलं, ते आज जवळपास प्रत्येक दुकानात सांगतात. याबद्दल मला खरंच राग येतो. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेते. २०२३मध्ये तिने अशा काचांवरच्या १७ प्रयोगांचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला की संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा शीण या काचांमुळे, निदान थोड्या काळात तरी, बहुधा कमी होत नाही. स्क्रीनसमोर डोळे चुरचुरतात कारण आपण पापण्या लववायचं विसरतो आणि नजर तासन् तास एकाच अंतरावर खिळलेली असते. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद वीस फुटांपलीकडे कुठेतरी बघ, त्याला एक पैसाही लागत नाही. घेतलेल्या काचा टाकून देऊ नकोस, त्या अपाय करत नाहीत. पुढच्या वेळी मात्र जादा पैसे त्यासाठी देऊ नकोस.

न विचारता एक सांगते. चष्म्यानंतर पुष्कळ मुली रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सकडे वळतात, झिरो नंबरच्या, घाऱ्या-निळ्या. ती गोष्ट पूर्ण वेगळी. ती लेन्स थेट बुबुळावर बसते, माप चुकलं किंवा स्वच्छता सुटली तर जंतुसंसर्ग होऊन नजर जाऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माप घेतल्याशिवाय ती कधीही लावायची नाही, आणि मैत्रिणीची तर मुळीच नाही.

आता स्थळांचं. तुझ्या आईच्या मनात जे आहे ते तिने हवेतून आणलेलं नाही. मुलीला चष्मा आहे का, हा प्रश्न आपल्याकडे कित्येक पिढ्या विचारला गेलाय, रंग आणि उंचीच्या बरोबरीने. मला साडेतीन नंबर होता. बघायला मंडळी आली तेव्हा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर जायच्या आधी मावशीने स्वयंपाकघरात माझा चष्मा काढून घेतला आणि डब्यांमागे ठेवला. उंबरा ओलांडताना मी पायाने चाचपून पाऊल टाकलं. बाहेर चार पुरुष बसले होते, चार रंगांचे चार शर्ट. त्यांतला मुलगा कोण, हे मला आवाजावरून ओळखावं लागलं. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा की नाही हे मी ठरवायचं होतं, त्याचा चेहरा मला दिसू दिला नव्हता. ते स्थळ जमलं नाही आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, पण ती पाच पावलं अजून आठवतात.

म्हणून आईशी भांडू नकोस. तिने अशा पाहणीत स्वतः काहीतरी सोसलं असेल, किंवा बहिणीचं सोसणं बघितलं असेल. तिला सांग की बायोडेटात एक फोटो चष्म्याचा आणि एक बिनचष्म्याचा देऊ, आणि कुणी विचारलं तर नंबर नाही, आवड म्हणून घालते, असं सरळ सांगू. एवढ्यावरून जे घर मागे फिरेल, ते उद्या केसांवरून आणि नोकरीच्या वेळांवरून बोलणारच आहे. हे तिला मी सांगितलंय म्हण, हवं तर हे पानच दाखव.

ऑफिसकडे येऊ. गरज नसताना चष्मा घालणारी तू पहिली नाहीस. मूकपटांच्या काळात हॅरॉल्ड लॉइड हा नट १९१७पासून जाड गोल फ्रेम घालून पडद्यावर वावरला आणि तीच त्याची ओळख झाली. त्या फ्रेमीत काचच नव्हती. २०१२च्या सुमारास अमेरिकेत लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, रसेल वेस्टब्रुक यांच्यासारखे बास्केटबॉलपटू सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदांना जाड काळ्या फ्रेमी लावून यायला लागले, काहींच्या फ्रेमी बिनकाचेच्याच. जपानीत तर यासाठी वेगळा शब्द आहे, ‘दाते-मेगाने’. मेगाने म्हणजे चष्मा आणि दाते म्हणजे दिमाखासाठीचं. उच्चार अगदी आपल्या दाते आडनावासारखा. ज्या भाषेत त्याला नाव आहे तिथे कुणी त्याला लबाडी म्हणत नाही. कुंकवाच्या जागी टिकली लावतो, केस रंगवतो, उंच टाचा घालतो, त्याच रांगेत हे बसतं. चेहरा तुझा आहे. त्यावर काय शोभतं हे तू ठरवायचं.

पण चष्म्यामुळे लोक ऐकतात, असं तू लिहिलंस, तिथे मी थांबले. १९७१मध्ये आर्गाइल आणि मॅकहेन्री या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं होतं. माणूस पंधरा सेकंद नुसता दिसला, तर चष्मा असताना तो लोकांना जास्त हुशार वाटला. त्याच माणसाला पाच मिनिटं बोलताना पाहिल्यावर मात्र चष्म्याने काहीच फरक पडला नाही. आता तुझं वर्ष आठवून बघ. रोज त्याच लोकांबरोबर तासन् तास बोलतेस. पहिली पंधरा सेकंदं कधीच संपली. ते आज ऐकतायत ते तुझं काम पाहून, आणि वर्षभरात तुझा आवाज स्थिर झालाय म्हणून. चष्म्याने तुला पहिल्या दिवशी धीर दिला असेल, त्याचं श्रेय त्याला देऊ. पण वर्षभराचं श्रेय त्या फ्रेमला देऊन टाकू नकोस, ते तुझं आहे. एक करून बघ: पुढच्या आठवड्यात एका दिवशी, ज्या मीटिंगमध्ये तुला चांगलं बोलायचं आहे तिथे, मुद्दाम चष्म्याशिवाय जा. काय होतं ते मला कळव.

राहिला तो ‘दीड’. तुझं चुकलं असेल तर एवढंच, आणि तेही गडबडीत. पण त्याला वाढू देऊ नकोस. दीड नंबरवाल्या माणसाला चष्म्याशिवाय साधारण दोन फुटांपलीकडचं धूसर होत जातं. तू वाढदिवसाच्या केकपुढे फोटोसाठी चष्मा काढलास आणि भिंतीवरच्या स्क्रीनवरची बारीक अक्षरं वाचून दाखवलीस, की ज्याला नंबर आहे त्याला कळणार. खरं तर आधीच कळलं असेल. मायनस नंबरच्या काचेतून गालाची आणि कानशिलाची कड आत सरकलेली दिसते, जणू चेहरा तिथे थोडा चिरून आत ढकललाय. साध्या काचेतून ती रेष सरळ खाली उतरते. आम्ही लहानपणापासून आरशात ती तुटलेली रेष बघत आलोय, त्यामुळे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती नसली की लगेच दिसते. तो सीनियर स्वतः चष्मा लावत असेल तर तो बहुधा गप्प राहून तुला सांभाळून घेतोय.

त्याच्यासाठी मोठी कबुली मांडून बसू नकोस. चहाला गेलात की सांग, ‘अरे, त्या दिवशी मी दीड म्हणाले ना, मला नंबर नाहीये. फ्रेम आवडली म्हणून घालते. तेव्हा उगाच लाजले.’ एवढं पुरे. तो हसेल, तूही हसशील, आणि त्या दिवसापासून चष्मा काढताना इकडेतिकडे बघावं लागणार नाही. यापुढे कुणी नंबर विचारला तर उत्तर एका शब्दाचं: झिरो.

आता तुझी बहीण.

मायनस सहा म्हणजे काय, ते तिच्या जागी बसून बघ. चष्म्याशिवाय तिला डोळ्यापासून साधारण सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. पूर्ण वीतसुद्धा नाही. तिच्या पुढे सगळं विरघळलेलं. सकाळी डोळे उघडल्यावर तिचा पहिला हात उशाशी जातो, आणि चष्मा पलंगाखाली पडला असेल तर तो शोधायलाच चष्मा लागतो. कुकरचं झाकण काढलं की काचांवर वाफ. पावसात एसटीच्या दाराशी उभी असेल तर काचांवर थेंब, पुसायला कोरडं काही नाही, आणि पाटी वाचायची आहे. अंघोळीच्या वेळी शॅम्पूची बाटली कुठली हे हाताने ओळखायचं. पोहायला उतरलं की काठावर उभी असलेली आई दिसत नाही, नुसता साडीचा रंग दिसतो. हे सगळं तिला सवयीचं झालंय, ती त्याबद्दल तक्रारही करत नसेल. आणि शाळेत? ढापणी, बॅटरी, चार डोळे, सोडावॉटर. एखादं लग्नकार्य असलं की फोटोच्या वेळी कुणीतरी मोठं माणूस प्रेमाने म्हणतंच, ‘बाळा, चष्मा काढ ना, छान दिसशील.’ म्हणजे चष्म्यात छान दिसत नाहीस. दहा वर्षं हे ऐकलेल्या मुलीसमोर गौरीपुढे तुझा फोटो निघत होता आणि सगळे म्हणत असतील, ‘अगं, किती स्मार्ट दिसतेस चष्म्यात!’

तुझ्या पत्रात हे वाक्य नाही, पण ते कुणीतरी म्हटलं असणार असं मला पक्कं वाटतं. तिला तुझ्या फ्रेमचा त्रास झालेला नाही. तेच कौतुक तिच्या नाकावरच्या चष्म्याच्या वाट्याला कधी आलं नाही, हे तिला त्या क्षणी दिसलं.

म्हणून तू चष्मा घालणं बंद करून तिच्या वाट्याला काही येणार नाही. उलट तिला वाटेल, आपल्या बोलण्याने ताईची हौस गेली. घाल, तिच्यासमोरही घाल. पण आधी तिला एकटीला गाठून सांग की तू म्हणालीस ते मला त्या दिवशी समजलं नव्हतं, आता समजलंय. त्यापुढे स्पष्टीकरण देत बसू नकोस, ‘मी तुझी चेष्टा करत नव्हते’ वगैरे. ती बोलली तर ऐक. नाही बोलली तर तशीच बसून राहा थोडा वेळ.

आणि तुला फ्रेम निवडायची दृष्टी आहे, तुझ्या पत्रावरून दिसतंय, तर ती तिच्यासाठी वापर. बारावीची परीक्षा झाली की तिला घेऊन दुकानात जा. मोठ्या नंबरच्या मुलांना बऱ्याचदा ‘तुला काय, जाड काचच बसणार’ म्हणून कुठलीही फ्रेम देतात. ते खरं नाही. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, म्हणून फ्रेम जितकी लहान आणि गोलसर, तितकी जाड कड कापली जाते. बुबुळ फ्रेमच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे. जाड किनारीच्या, अॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या फ्रेमीत काचेची कड लपते. बिनकडेच्या, तारेच्या फ्रेमी तिने टाळाव्यात. काच हाय इंडेक्सची, म्हणजे त्याच नंबरला पातळ बसणारी, १.६७ची मागा, एआर कोटिंगसह. महाग पडते, तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून तूच दे. काडीच्या आतल्या बाजूला ५०-१८-१४० असे आकडे छापलेले असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तिच्या सध्याच्या चष्म्यावरचे आकडे लिहून घेऊन जा, म्हणजे नवी फ्रेम नाकावरून घसरणार नाही आणि कानामागे टोचणार नाही.

दुकानात एक लक्षात ठेव. नवी फ्रेम घालून बघायला ती चष्मा काढेल तेव्हा आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसणार नाही, धूसर ठिपका दिसेल. आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर फ्रेमी अशाच घेतल्या, बरोबरच्या माणसाच्या ‘छान आहे’वर विसंबून. तू प्रत्येक फ्रेममध्ये तिचा समोरून आणि बाजूने फोटो काढ, मग तिला तिचा चष्मा परत घालू दे आणि फोनवर सगळे फोटो दाखव. निवड तिची तिला करू दे, कितीही वेळ लागला तरी. आणि तेवढा वेळ तिचा जुना चष्मा काउंटरवर ठेवू नकोस, हातात धर, काचांना बोट न लावता.

— तुझी ताई